मोगलसरायचा पुरावा

लखनौस बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाची या शहराशी पहिली गाठ पडते ती चारबाग स्थानकावर. रात्रीची गाडी, पसरलेली वळकटी आणि सकाळी मुक्कामी पोहोचण्याची खात्री, हे सारे आमच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही धोका असेल असे मनातही येत नाही. १० फेब्रुवारी १९६८ च्या सायंकाळी भारतीय जनसंघाचे अध्यक्ष पंडित दीनदयाळ उपाध्याय लखनौहून सियालदह एक्सप्रेसने पाटण्यास निघाले, तेही असेच, पहिल्या वर्गाने. अध्यक्ष होऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. पाटण्यास ते पोहोचले नाहीत.

आम्ही पडलो सरकारी नोकर. पक्षोपक्षांच्या वादांत शिरण्याची आम्हांस मुभा नाही आणि हौसही नाही. परंतु हे प्रकरण आम्हांस ओढून घेते ते पुराव्यासाठी. एकाच मृत्यूचा पुरावा आधी तपासयंत्रणेने, मग न्यायालयाने व शेवटी चौकशी आयोगाने तोलला. आयोगाचे काम ज्यांच्या हाती होते ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्याचे.

मध्यरात्रीनंतर जौनपूर येथे पंडितजी जिवंत दिसले. गाडी मोगलसरायला सुमारे दोन वाजून दहा मिनिटांनी आली, तेव्हा ते डब्यात नव्हते. त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी, फलाटाच्या टोकापासून ७४८ फुटांवर, लोहमार्गालगतच्या विजेच्या खांबापाशी एक प्रेत आढळले. मुठीत पाच रुपयांची नोट होती. ते कोणाचे हे प्रथम कोणासही ठाऊक नव्हते. मनगटावरील घड्याळावर नाव होते ते नाना देशमुखांचे, म्हणजे आपल्या हिंगोलीकडील कडोळी गावच्या नानाजींचे, असे सांगतात. सहकाऱ्याचे घड्याळ हाती असलेला तो अनोळखी देह कित्येक तास बेवारशासारखा पडून होता, हा तपशील वाचताना आमचे मन आजही अस्वस्थ होते.

या मृत्यूभोवती शंकांचे जाळे विणले गेले यात नवल नाही. एवढा मोठा नेता, रात्रीची वेळ, आणि ती मुठीतली नोट! धावत्या गाडीतून फेकल्या गेलेल्या माणसाच्या मुठीत नोट राहीलच कशी? म्हणजे कोणीतरी मागाहून ठेवली असली पाहिजे, आणि म्हणजे कट असला पाहिजे. असा एका 'म्हणजे'वर दुसरा 'म्हणजे' रचण्यात आपली माणसे मोठी वाकबगार आहेत. नोटेला समाधानकारक उत्तर आम्हांसही सुचत नाही. परंतु उत्तर नसणे म्हणजे पुरावा असणे नव्हे.

तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. गाडी स्थानकात शिरण्यापूर्वी चोरांनी त्यांना बाहेर ढकलले, असा त्याचा निष्कर्ष होता. शेजारच्या कक्षातील प्रवाशाने मोगलसरायला एका माणसास पंडितजींच्या कक्षात शिरून त्यांचे अंथरूण व फाइल घेऊन जाताना पाहिले होते. दोघांवर खटला झाला. ९ जून १९६९ रोजी सत्र न्यायालयाने निकाल दिला तो असा की, खून सिद्ध झाला नाही, चोरी मात्र एकावर सिद्ध झाली. खुनाविषयीच्या सत्याचा प्रश्न अजून उरलाच आहे, ही कबुलीही न्यायाधीशांनी निकालातच दिली. न्यायाधीशाने असे लिहावे हे विरळा. सत्तरांहून अधिक खासदारांनी चौकशीची मागणी केली व सरकारने चंद्रचूडांचा एकसदस्य आयोग नेमला.

न्यायमूर्तींनी हेतूंपेक्षा आधी जखमांचा विचार केला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. या जखमा कक्षाच्या आत होऊ शकतील काय? त्यांच्या मते नाही. डब्यात झटापटीच्या खुणा होत्या काय? नव्हत्या. तेव्हा आत मारून मग बाहेर टाकले, ही सर्वांत नाट्यमय कल्पना येथेच कोसळते. पंडितजी डब्याच्या दाराजवळ उभे असता ढकलले गेले, खांबावर आदळले आणि तत्काळ मरण पावले, असा त्यांचा निष्कर्ष. राजकीय हेतूला आपल्यासमोर काहीही आधार आला नाही; हे चोरांचे ऐनवेळचे, अविचारी कृत्य होते, असे त्यांनी १९७० मध्ये नमूद केले. अन्वेषण विभागाचा तपासही त्यांना काळजीपूर्वक व निःपक्षपाती वाटला.

येथे सावधपणा हवा. आयोग शिक्षा देत नाही. संशयाचा फायदा आरोपीला देणे हे न्यायालयाचे कर्तव्य. काय घडले असावे ते सांगणे हे आयोगाचे. म्हणून खून चोरांनीच केला असे आयोग म्हणतो आणि खुनासाठी कोणी दोषी ठरलेला नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. मृत्यू कसा आला याविषयी आम्हांस न्यायमूर्तींचे म्हणणे पटते, कारण ते देहाच्या व डब्याच्या साक्षीवर उभे आहे. ढकलणारा हात कोणाचा, याविषयी आमचे मन तितके निःशंक नाही. चोरी शाबीत झाली म्हणून खूनही शाबीत झाला, ही पायरी ओलांडण्यास सत्र न्यायालय तयार नव्हते आणि आम्हीही नाही.

चंद्रचूड पुढे १९७८ ते १९८५ भारताचे सरन्यायाधीश होते. मोगलसराय जंक्शनला २०१८ मध्ये पंडितजींचे नाव मिळाले. नव्या तपासाची मागणी अधूनमधून होतच असते. लखनौहून पूर्वेकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत, जौनपूर मागे पडले की, आम्ही दाराची कडी एकवार हाताने चाचपून पाहतो.