केसलापूरचा दरबार ते इचोड्याचे मंडल कार्यालय : आदिलाबाद जिल्ह्यातील लोकसेवा आणि भाषेचा प्रश्न

हैदराबाद संस्थानाच्या सामाजिक इतिहासात आदिलाबाद जिल्ह्याचे स्थान वेगळे आहे. वर्धा, पैनगंगा आणि गोदावरी या नद्यांनी वेढलेल्या या प्रदेशात गोंड, कोलाम, लंबाडा, मराठी व तेलुगू शेतकरी आणि उर्दूभाषक मुस्लिम अनेक पिढ्यांपासून एकत्र राहत आले आहेत. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील इचोडा हे याच मिश्र वस्तीचे गाव होय. पूर्वी बोथ तालुक्यात असलेले हे गाव आज मंडलाचे ठाणे आहे. घरात गोंडी, व्यवहारात मराठी, मशिदीच्या परिसरात उर्दू आणि कचेरीत तेलुगू अशी भाषांची विभागणी येथे सहज आढळते. अशा ठिकाणी शासनाची एखादी योजना माणसापर्यंत पोहोचते की नाही, हे तिच्यासाठी ठेवलेल्या पैशाइतकेच ती सांगणाऱ्याच्या भाषेवरही अवलंबून असते. १९४० च्या दशकात या जिल्ह्यात याच जाणिवेतून एक प्रयोग झाला. त्या प्रयोगाचा आणि त्याच्या पुढील वाटचालीचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उर्दू दफ्तर आणि गोंड शेतकरी

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाल्यावर उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. एका भारतीय भाषेतून कायदा, वैद्यक आणि विज्ञान शिकवण्याचा हा उपक्रम मोलाचा होता, यात शंका नाही. परंतु डोंगरातील गोंड शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसी गेली काय आणि उर्दू आली काय, दफ्तर त्याला परकेच राहिले.

या परकेपणाचा परिणाम जमिनीवर झाला. अनेक गोंड शेतकरी ‘सिवाय जमाबंदी’ या सदराखाली जमीन कसत. सारा भरला तरी या सदराखालील जमिनीवर कायमचा हक्क लागत नसे. पट्ट्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याला मुदत असते आणि त्याची नोंद पाहता येते, या गोष्टी ज्याला ठाऊक होत्या त्याच्या नावावर जमीन झाली. असा माणूस बहुधा बाहेरून आलेला सावकार, व्यापारी किंवा वतनदार असे. दुसरीकडे जंगल राखीव करण्याचे काम सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते राखीव हद्दीत गेली, वस्त्या उठवल्या गेल्या. चराई आणि लाकूडफाटा यांच्या नावाखाली खालच्या नोकरांकडून होणारी वसुली वेगळीच.

या असंतोषातून कोमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे सहकारी मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते. गोळीबाराने उठाव थांबला, पण गोंडांनी शस्त्र का उचलले, हा प्रश्न संस्थानाच्या सरकारपुढे उभा राहिला.

मारलवाईचा प्रयोग

या प्रश्नाचा शोध घेण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि जर्मन पारपत्रामुळे ते कायद्याने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. मात्र त्यांना हैदराबाद संस्थानात राहून संशोधन करण्याची मुभा मिळाली. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाई या गोंड गावात राहिले आणि गोंडी शिकले. ‘बस्तरचे माडिया गोंड’ या विषयावर ग्रंथ लिहिणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे त्या वेळी निजाम सरकारात महसूल खात्याचे मंत्री होते. त्यांच्या पाठिंब्यामुळे हायमेनडॉर्फ यांचे अहवाल दफ्तरात पडून राहिले नाहीत. पुढे १९४५ मध्ये हायमेनडॉर्फ आदिवासी व मागास वर्गांसंबंधी सरकारचे सल्लागार झाले.

१९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिक्षक कोठून आणायचे, हा पहिला प्रश्न होता. थोडेफार मराठी लिहू-वाचू शकणारे मोजके गोंड तरुण निवडून त्यांना तयार करण्यात आले. गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. मराठीमुळे ही लिपी त्या भागात परिचित होती, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होय. राज्याची भाषा उर्दू असल्याने वरच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट उर्दूतून जात होती. तरीही मूल प्रथम आपल्या बोलीत शिकेल, हे तत्त्व एका उर्दू राज्याने मान्य केले, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

या केंद्रातून तयार झालेल्या तरुणांचे काम शाळेपुरते मर्यादित राहिले नाही. गावात प्रथमच कागद वाचणारा माणूस घरचा होता. पट्ट्यावरचे नाव बरोबर आहे का, पावती किती रकमेची आहे, नोटिशीत काय म्हटले आहे, हे विचारण्यासाठी आता बाजाराच्या गावी जाऊन अर्जनवीस गाठण्याची गरज उरली नाही.

याच काळात सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद मुलकी सेवेतील अधिकारी आदिलाबादच्या आदिवासी भागात कामाला होते. १९१० मध्ये निलंग्यात जन्मलेले पगडी मराठी वाचकांना इतिहासकार आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून परिचित आहेत. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे पुस्तक आणि गोंडी व्याकरण यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. मातृभाषा मराठी, दफ्तराची भाषा उर्दू आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची भाषा गोंडी, अशा तिन्ही भाषांत वावरणारा अधिकारी या भागाला लाभला. दुभाषा मध्ये असला की तक्रार त्याच्या सोयीने सांगितली जाते. अधिकाऱ्याला स्वतः भाषा येत असली की तक्रार करणारा मोकळेपणाने बोलतो, हा या कामाचा धडा आहे.

या धोरणाचे फळ जमिनीच्या रूपाने दिसले. १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबांना मिळून एक लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे देण्यात आले. फसली १३५६ म्हणजे १९४६ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी वेगळा कायदाही झाला.

दरबार : कचेरी लोकांच्या दारी

या सर्व उपक्रमांत आजही टिकून असलेला उपक्रम म्हणजे केसलापूरचा दरबार. इचोड्याच्या पूर्वेस, इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि पूजा करतात. या पूजेसाठी लागणारी मातीची भांडी पूर्वीच्या इचोडा मंडलातील सिरीकोंडा गावच्या कुंभारांकडून घडवून घेण्याची परंपरा आहे. गोंडांच्या मुख्य उत्सवात बिगर-आदिवासी कारागिराला असलेला हा मान या प्रदेशातील परस्परसंबंधांची साक्ष देतो.

डोंगरातले गोंड या जत्रेत एकत्र येतात हे पाहून १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तेथे अधिकाऱ्यांचा दरबार भरवण्यास सुरुवात झाली. जोडेघाटानंतर गोंड कचेरीत येण्यास धजत नव्हते, म्हणून कचेरीने त्यांच्या देवाच्या जागी यावे, ही त्यामागची भूमिका होती. ‘दरबार’ या शब्दात खालच्याने वरच्यापुढे हजर होण्याचा अर्थ आहे. केसलापुरात हा क्रम उलटला. दिवस गोंडांच्या पंचांगाने ठरला, जागा त्यांची राहिली आणि हाकिमांना तेथे जावे लागले. निर्णय घेण्याचा अधिकार असलेली माणसे एकाच वेळी समोर असल्याने महसुलाने जंगल खात्याकडे आणि जंगल खात्याने पोलिसांकडे बोट दाखवण्याचा मार्ग काहीसा बंद झाला. आजच्या समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत लोकसंपर्काची जी तत्त्वे सांगितली जातात, ती येथे प्रत्यक्षात आलेली दिसतात.

अर्थात या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दरबार वर्षातून एकदाच भरतो. तेथे दिलेल्या अर्जाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी उरलेल्या दिवसांत गावात माणूस लागतो. तो माणूस नसेल तर दरबार आश्वासनांचा सोहळा होण्याची भीती असते.

भाषांतर आणि प्रांतांतर

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे मराठी भाग मात्र महाराष्ट्राच्या बाजूला आले. इचोडा, बोथ, उटनूर या भागातील मराठी आणि गोंडी बोलणारे लोक तेलुगू राज्यात राहिले. शाळेत व कचेरीत उर्दूची जागा तेलुगूने घेतली. गोंडी पुस्तके मागे पडली. गोंड शेतकऱ्यापुढे कचेरीची भाषा दुसऱ्यांदा बदलली.

कायदे झाले नाहीत असे नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा नियम १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला आणि १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. परंतु १९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ परत आले तेव्हा त्यांना पूर्वी वाटलेल्या जमिनीपैकी बरीच जमीन गोंडांच्या हातून गेलेली दिसली. कायदा पुस्तकात होता, पण तो गोंडाला त्याच्या भाषेत सांगणारी यंत्रणा विस्कळीत झाली होती.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ माणसे मृत्युमुखी पडली, तर इतरांच्या मते हा आकडा त्याहून पुष्कळ मोठा होता. नागोबाचे केसलापूर तेथून जवळच आहे. जोडेघाटानंतर चाळीस वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, त्याच प्रश्नावर पुन्हा रक्त सांडले. ऐकण्याची सोय मोडली म्हणजे काय होते, हे यावरून समजते.

मंडल कार्यालयापासून संगणकापर्यंत

१९८५ मध्ये आंध्र प्रदेशात तालुक्यांच्या जागी लहान मंडले आली आणि कचेरी अंतराने जवळ आली. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेमार्फत शाळा, वसतिगृहे व आरोग्याच्या योजना राबवल्या गेल्या. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि २०१८ च्या पंचायत कायद्याने अनेक गुडे व तांडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाले. २०११ पासून मी-सेवा केंद्रांतून दाखले मिळू लागले. २८ डिसेंबर २०२३ ते ६ जानेवारी २०२४ या काळात ‘प्रजापालन’ कार्यक्रमात गावोगाव सभा भरवून योजनांचे अर्ज स्वीकारण्यात आले. अधिकाऱ्याने गावात जाऊन अर्ज घ्यावा, ही कल्पना केसलापूरच्या दरबाराचीच आहे.

तथापि अर्ज घेणे हे कामाचे एक टोक होय. अर्जात काय लिहावे, कोणता कागद जोडावा आणि नकार आल्यास कोणाकडे दाद मागावी, हे समजावून सांगणे हे दुसरे टोक. इचोड्यासारख्या मंडलात पंचायत सचिव, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती हे काम रोज करतात. त्यांच्यापैकी जिला गोंडी किंवा मराठी येते, ती घराच्या आत जाऊ शकते. मारलवाईच्या शिक्षकाचा वारसा आज खऱ्या अर्थाने याच लोकांकडे आहे.

उर्दू कागद आणि आजचा हक्क

या इतिहासाचा एक धागा थेट उर्दू अध्यापकांपर्यंत येतो. संस्थानी काळातील पट्टे, सेतवार आणि पहाण्या उर्दूत आहेत. अनेकदा ते शिकस्ता वळणात लिहिलेले असतात. तारखा फसली सनात असतात, त्यात ५९० किंवा महिन्यानुसार ५९१ मिळवल्यावर इसवी सन निघतो. यातील ‘पहाणी’ आणि ‘लावणी पट्टा’ हे शब्द मूळ मराठी, तर ‘पट्टेदार’ आणि ‘जमाबंदी’ हे फारसी वळणाचे आहेत. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्यालाच हा कागद नीट उलगडतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या कागदांना नवे महत्त्व आले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा वनजमिनीचा ताबा आदिवासीला दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी वननिवासीला मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे राहून जंगलावर उपजीविका केल्याचे सिद्ध करावे लागते. जंगलाकाठच्या गरीब मुस्लिम, दलित आणि इतर कुटुंबांना म्हणूनच १९३० च्या आसपासचा पुरावा शोधावा लागतो आणि त्या काळचे दफ्तर उर्दूत आहे. ३० जून २०२३ रोजी आसिफाबाद येथून आदिवासींना पोडू जमिनीचे पट्टे वाटण्यास सुरुवात झाली. ज्यांचा दावा पुराव्याअभावी अडला आहे, त्यांच्या पेटीतला जुना उर्दू कागद कोणी वाचून दिला तर त्याचा निदान विचार तरी होऊ शकेल.

तेलंगणात २०१७ पासून उर्दू ही संपूर्ण राज्याची दुसरी राजभाषा आहे आणि तिच्यासाठी कार्यालयांत उर्दू अधिकारीही नेमले गेले आहेत. परंतु जुने कागद वाचण्याचे कौशल्य नव्या पिढीत वेगाने कमी होत आहे. उर्दू विभागांनी शिकस्ता वाचन आणि महसुली परिभाषा यांचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला, मराठी विभागांनी त्यात साथ दिली आणि विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस मंडल कार्यालयाजवळ बसून लोकांचे कागद वाचून दिले, तर भाषेच्या शिक्षणाला समाजात प्रतिष्ठा मिळेल आणि गरजू माणसाचे कामही होईल. एके काळी उर्दू दफ्तर न समजल्यामुळे गोंडांच्या जमिनी गेल्या. तेच दफ्तर वाचून कोणाची जमीन वाचवता आली, तर गोंड आणि मुस्लिम दोघांच्याही दृष्टीने ती मोठी सेवा ठरेल.