कंद कोणाचा? घाटंजीच्या रानातील भुकेचा इतिहास

शाळेच्या पुस्तकातला ऋषी कंदमुळे खाऊन राहतो. वनवासातला रामही कंदमुळेच खातो. त्या खाण्याला आपल्याकडे तप म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातील पोडावरचा कोलाम रानातला कंद खणून खातो, तेव्हा मात्र त्याला मागासलेला म्हणतात. खाणारा बदलला की खाण्याचा अर्थ बदलतो. हा बदल कोणी घडवला आणि त्यात कोणाच्या तोंडचा घास गेला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या रानांत, झुडपांच्या आडोशाने पाताळतुंबडी नावाची एक बारीक वेल वाढते. काही ठिकाणी तिला खापरखुटी म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा. पहिल्या पावसात ती फुटते. पुढे तिला कंदिलाच्या आकाराची फुले येतात. त्यांत लहान माश्या काही काळ अडकून पडतात आणि तेवढ्यात परागसिंचन होते. पाऊस सरला की वेल वाळून नाहीशी होते, परंतु जमिनीखाली कंद जिवंत राहतो. जेथे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने रान तापत राहते, तेथे कंद हे वेलीचे कोठार असते. या कोठाराची जागा ज्याने पावसाळ्यात मनात नोंदवून ठेवली, त्यालाच ते पुढे सापडते.

विल्यम रॉक्सबर्ग या इंग्रजांच्या नोकरीतील वनस्पतिशास्त्रज्ञाने कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा जो ग्रंथ १७९५ पासून प्रसिद्ध केला, त्यात या वेलीचे वर्णन आहे. लोक ती कच्ची खातात, कालवणात शिजवूनही खातात, असे त्याने नोंदले. ग्रंथात नाव रॉक्सबर्गचे राहिले. ज्यांनी त्याला वेल दाखवली, चव सांगितली, त्यांचे नाव कोठेही नाही.

सगळेच कंद इतके सरळ नसतात. कडूकंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, जिवावरही बेततो. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा घालवायचा, मगच खायच्या. खणतानाही देठाकडचा तुकडा मातीत राहू द्यायचा, म्हणजे पुढच्या पावसात वेल पुन्हा फुटते. याला तंत्रज्ञान म्हणायचे नाही तर कशाला? ते आईने लेकीला रानात दाखवले. ते कोणत्याही पोथीत लिहिले गेले नाही, म्हणून ज्ञान ठरले नाही.

आता इतिहासाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. सपाटीची जमीन कापसाखाली गेली. उरलेल्या डोंगराळ भागात सागाच्या रानांभोवती राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या. कोलाम या दोहोंच्या मध्ये सापडला. खाली सावकाराचा कापूस होता आणि वर सरकारचा साग.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'वनोपज' या शब्दाची व्याख्या केली. जंगलातील झाडे, गवत, वेली आणि त्यांचे सर्व भाग त्यात आले. राखीव जंगलातून परवानगीवाचून वनोपज गोळा करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. कायद्यात कंदाचा वेगळा उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण वेलीचा सर्व भाग म्हटल्यावर कंद आलाच. ज्या बाईने काल जेवणासाठी माती उकरली, ती आज चोर ठरली.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी याच जिल्ह्यात पुसद येथे गवत कापून जंगल सत्याग्रह केला. तो योग्यच होता, आणि जिल्ह्याच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. परंतु कंद खणून रोज तोच कायदा मोडणाऱ्या बाईला त्या पानावर जागा मिळाली नाही. तिचा कायदेभंग पोटासाठी होता. त्याला ना मिरवणूक होती, ना हार.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत लोक रानातील मुळे खाऊ लागले, तेव्हा ते हलाखीचे लक्षण मानले गेले. गावकऱ्याच्या बाबतीत ते खरेही होते. परंतु जो समाज पिढ्यान्‌पिढ्या या अन्नावर जगला, त्याचे नेहमीचे जेवण दुसऱ्यांच्या हिशेबात दुष्काळाचे जेवण ठरले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा तांबडा मिलो रांगा लावून घ्यावा लागला, हे आपल्या आयाबायांना चांगले आठवते. त्याच बायांनी बांधावरचा तरोटा शिजवून लेकरे जगवली. त्या तरोट्याची लाज आपल्याला कोणी शिकवली, याचाही विचार झाला पाहिजे.

१९७५-७६ च्या सुमारास कोलामांची गणना 'आदिम जमातीं'त झाली. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. निकषांपैकी एक होता शेतीपूर्व तंत्र. म्हणजे कंद ओळखण्याची विद्या हेच मागासलेपणाचे प्रमाणपत्र झाले!

याच्या शेजारी उपवासाचे ताट मांडून पाहा. रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे चारही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज या देशात आल्यानंतरच्या शतकांत ते येथे पोचले. समुद्रापलीकडचा कंद चार-पाच शतकांत पवित्र झाला. इथल्या मातीतली पाताळतुंबडी मात्र रानटीच राहिली. म्हणजे शुद्ध-अशुद्ध हे कंदात नसते. तो कोणाच्या हातातून ताटात येतो, यावर ते ठरते. जो नियम पाण्याला लावला गेला, तोच अन्नाला लावला गेला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या करताना मुळे आणि कंद हे शब्द प्रथमच हक्काच्या भाषेत लिहिले. १९२७ च्या कायद्यापासून येथवर यायला ७९ वर्षे लागली. कागदावर कंद परत मिळाला, पण रान पूर्वीचे राहिलेले नाही. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांतील जंगलाचा एक भाग १९९७ पासून टिपेश्वर अभयारण्यात आहे. वाघाला जागा हवी, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की वाघाच्या हिशेबात माणूस धरला आहे की नाही.

हक्क मिळतो तेव्हाच ज्ञान हरवत असेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? पोडावरची मुले आश्रमशाळेत मराठी पुस्तकातला ऋषी वाचतात आणि आजीची वेल विसरतात. म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एक काम हाती घ्यावे. पावसाळ्यात पोडावर जावे, वेलींची कोलामी नावे विचारावीत, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने पहिल्या ओळीत लिहावे. रॉक्सबर्गने जे लिहिले नाही, ते निदान आपण लिहू.