शाळाच कुरणावर गेली

आपल्या बाई कुणाला पाढे टाळ्यांवर म्हणायला लावत, कुणापुढे चिंचोके ओतत. शिक्षक झाल्यावर अशा शिकवण्याचा माग काढत मी कोसबाडपर्यंत पोहोचलो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची साधने महाग, म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले वापरले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच वर्ग. मुलांत खोट न काढता शाळेनेच जागा बदलली, हे मला फार मोठे वाटते.

२०२० मध्ये फोन नसलेली माझी मुले ऑनलाइन तासाला दिसेनात. मग संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर फळा टेकवला. पाच-सहा जण यायचे, त्यातला एक बकरी घेऊन.