टेंभ्याचं तळं

एप्रिल सरत आला की उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांवरचा बर्फ काळपट पडतो, किनाऱ्यापासून सुटतो आणि एखाद्या वाऱ्याच्या दिवशी तुकडे तुकडे होऊन काठाला लागतो. पाणी अजून हात घालवणार नाही इतकं गार असतं. अशा रात्री ॲल्युमिनियमची एक होडी काठाकाठानं, कमरेएवढ्या पाण्यावरून सरकते. नाळेवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर दिवा, दिव्याची तार होडीतल्या मोटारीच्या बॅटरीपर्यंत गेलेली. हातात लांब दांड्याचा, पाच दातांचा भाला. उजेडाचं वर्तुळ तळाच्या गोट्यांवरून फिरतं. गोटे, गोटे, एक बुडालेलं खोड, पुन्हा गोटे. आणि मग दोन निखारे. पाण्याखाली, शेजारी शेजारी, स्थिर.

तो वॉलआय. पर्च कुळातला, हिरवट सोनेरी अंगाचा, पाठीवर काटेरी पर असलेला मासा. कॅनडातले फ्रेंच त्याला ‘डोरे’ म्हणतात, म्हणजे सोनेरी. या तळ्यांकाठचे मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘ओगा’ म्हणतात. 1818 मध्ये सॅम्युएल मिचिल या अमेरिकी निसर्गअभ्यासकानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला अंगाचा सोनेरी रंग सुचला नाही, डोळा सुचला. नावातल्या ‘व्हिट्रियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ काचेसारखा.

त्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड पडद्यावरून एकदा गेला की हा थर त्याला उलटा फिरवतो आणि पडद्याला तोच उजेड दुसऱ्यांदा वापरायला मिळतो. गाडीच्या दिव्यात मांजराचे, गुरांचे डोळे चमकतात ते याच कारणानं. या थरामुळे वॉलआयला गढूळ पाण्यात, संध्याकाळी, रात्री भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला तो दिसत नाही. मात्र अंधारात बघण्याची ही सोय उजेड पडला की चुगली करते. माणसाला हे कळलं त्या दिवसापासून त्या हेल्मेटवरच्या दिव्याची वंशावळ सुरू होते.

वॉलआय एरवी खोल पाण्यात असतो. वर्षातून एकदाच, बर्फ फुटल्यावर पाणी सहा ते नऊ अंश सेल्सिअसपर्यंत आलं की तो गोट्यांच्या उथळ काठावर येतो. नर आधी येतात आणि थांबून राहतात. गाबोळी भरलेली मादी रात्री येते, अंडी सोडते आणि खोल पाण्यात परत जाते. घरटं नाही, राखण नाही. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि पुढचं नशिबावर. हा मेळा जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीच्या माशांसाठी बत्ती घेऊन ओढ्यावर जाणाऱ्याला या घाईचा अर्थ वेगळा सांगायला नको. ओजिब्वेंच्या दृष्टीनं तर ही लांबलेल्या हिवाळ्यानंतरची पहिली ताजी शिकार. मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करायचे दिवसही हेच. दिवसा साखर, रात्री मासे.

पहिला दिवा भूर्जाच्या सालीचा. आपण भूर्जपत्र म्हणतो ते झाड हिमालयातलं. उत्तर अमेरिकेतला त्याचा भाऊबंद कागदासारख्या पांढऱ्या सालीचा. या सालीची होडी होते, साठवणीची भांडी होतात, झोपडीचं छप्पर होतं. ती तेलकट असल्यामुळे ओली असतानाही पेट घेते. सालीची गुंडाळी करून चिरलेल्या काठीत अडकवली की टेंभा तयार. पाइनची राळ लावली तर तो जास्त वेळ जळतो. होडीच्या नाळेवर टेंभा, मागे एक जण वल्ह्यावर, पुढे एक जण भाल्यावर. ओजिब्वे भाषेत या प्रकाराला स्वतंत्र क्रियापद आहे: ‘वास्वा’, म्हणजे टेंभ्याच्या उजेडात मासे मारणं.

1745 च्या सुमारास ओजिब्वेंची एक शाखा ज्या तळ्याकाठी स्थिरावली, तिचं गाव या क्रियापदावरूनच ओळखलं जाऊ लागलं: वास्वागनिंग, टेंभ्यांनी मासे मारण्याची जागा. तिथे आलेल्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी रात्रीच्या पाण्यावर फिरणारे ते जाळ पाहिले आणि नावाचं सरळ भाषांतर केलं: लाक द्यू फ्लांबो, टेंभ्याचं तळं. आजही नकाशात आणि हमरस्त्यावरच्या पाटीवर हेच नाव आहे; इंग्रजी तोंडात फक्त त्याचं ‘लॅक डू फ्लॅम्बो’ झालं आहे.

दुसरा दिवा लोखंडाचा. व्यापाऱ्यांबरोबर लोखंड आलं, तेव्हा टेंभ्याच्या जागी नाळेवर लोखंडी जाळीची टोपली टांगली जाऊ लागली. तिच्यात राळेनं भरलेल्या पाइनच्या गाठी जाळायच्या. जाळ मोठा होतो आणि होडीच्या पुढे राहतो, म्हणजे भालेवाल्याच्या डोळ्यांवर येत नाही. पॉल केन हा कॅनडाचा चित्रकार 1845 मध्ये विस्कॉन्सिनच्या फॉक्स नदीवर गेला होता. ओजिब्वेंचे शेजारी मेनॉमिनी लोक अशा टोपल्या लावून मासे मारताना त्यानं पाहिले आणि पुढे त्यावर तैलचित्र केलं. काळं पाणी, त्यावर तरंगणारे शेंदरी जाळ आणि जाळाच्या कडेला भाला उगारलेल्या आकृत्या.

चित्रातल्या टोपलीत जळतो तो पाइन. त्याच पाइनसाठी आठ वर्षं आधी, जुलै 1837 मध्ये, फोर्ट स्नेलिंगजवळ करार झाला होता. अमेरिकी सरकारला इमारती लाकूड हवं होतं. ओजिब्वेंनी आजच्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातला मोठा प्रदेश दिला, पण त्या जमिनीवर, नद्यांवर, तळ्यांवर शिकार करण्याचा, मासे मारण्याचा आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. 1842 मध्ये तांब्याच्या खाणींसाठी आणखी प्रदेश गेला. राखलेला हक्क तोच.

सरकारला लवकरच जमिनीबरोबर माणसंही हलवावीशी वाटली. 1850 मध्ये करारांतली वार्षिक देयकं सुपीरियर सरोवराकाठच्या ला पॉइंटऐवजी पश्चिमेला दूर सँडी लेक इथे मिळतील असं जाहीर झालं. लोक गेले. पैसे आणि धान्य वेळेवर आलं नाही. थंडी, उपासमार, हगवण आणि गोवर यांनी तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे 400 माणसं गेली. 1852 मध्ये नव्वदी ओलांडलेला प्रमुख केचेवैश्के, इंग्रजीत चीफ बफेलो, वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटला. स्थलांतराचा हुकूम मागे घेतला गेला. 1854 च्या करारानं राखीव वस्त्या आखून दिल्या. लाक द्यू फ्लांबो त्यांतली एक.

त्यानंतर दिव्यानं रूप बदललं आणि जागाही. राज्याचे मासेमारी कायदे आले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं 1908 मध्ये निकाल दिला की विस्कॉन्सिन राज्य झालं त्या दिवशीच करारातले हक्क संपले. राखीव वस्तीच्या आत पाण्यावर दिवे लागत राहिले, आधी कंदील, मग बॅटरीचे. पण वस्तीच्या सीमेबाहेर, कराराच्या मुलखातल्या शेकडो तळ्यांवर, दिवा लावणं म्हणजे गुन्हा झाला. मराठीत टेंभा मिरवतात. इथे ज्यांच्या गावाला टेंभ्याचं नाव, त्यांना तो विझवून बसावं लागलं. तोवर त्या तळ्यांभोवती सुट्टीची घरं आणि रिसॉर्ट उभी राहिली. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गळाचा हंगाम उघडतो आणि त्या दिवशी तळ्यावर होडी घालणं हा गोऱ्या शेजाऱ्यांचा सणच झाला. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला, म्हणून त्यांच्या लेखी अनादि.

मार्च 1974 मध्ये लाक कूर्त ओरेय या वस्तीतले फ्रेड आणि माइक ट्रिबल हे दोघे भाऊ वस्तीच्या सीमेपलीकडे गेले, बर्फाला भोक पाडलं आणि भाल्यानं मासे मारले. वॉर्डननं पकडावं हे ठरवूनच गेले होते. खटला संघराज्याच्या न्यायालयात गेला. 1978 मध्ये न्यायाधीश जेम्स डॉयल यांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. 25 जानेवारी 1983 ला अपील न्यायालयानं तो फिरवला: करारातले हक्क कधीच संपले नव्हते. राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचे प्रमुख लेस्टर व्हॉइट प्रतिवादी होते, म्हणून हा ‘व्हॉइट निकाल’.

प्रकरण परत डॉयल यांच्याचकडे आलं, आणि त्यांच्यापुढचा एक प्रश्न या दिव्याच्या इतिहासात कळीचा होता. हक्क 1837 चा, तर साधनंही 1837 चीच हवीत का? बाहेर रस्त्यावर तर हाच टोमणा ऐकू येत होता: जुना करार हवा तर भूर्जाच्या होडीत बसा, टेंभा पेटवा. म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या होड्यांत माशांचा ठाव सांगणारी सोनार यंत्रं होती. डॉयल यांनी 1987 मध्ये सांगितलं की कराराच्या काळातली साधनं चालतील आणि त्यानंतर निघालेलीही. एका अर्थानं बॅटरीचा दिवा हा टेंभ्याचा कायदेशीर वारस ठरला. वारसा मिळतो तो हक्काचा. जाळ कशाचा, हे ज्या त्या काळानं ठरवायचं.

पण निकाल कागदावर होता आणि मासे तळ्यात. 1985 पासून वसंतात सीमेबाहेरच्या तळ्यांवर पुन्हा दिवे दिसू लागले आणि 1987 मध्ये बटरनट तळ्यावर मोठा जमाव जमला. पुढची चार वर्षं, एप्रिल-मेच्या रात्री, होड्या पाण्यात उतरवायच्या धक्क्यांवर शेकडो, कधी हजारो लोक येत. शिव्या, वंशावरून घोषणा, दगड. गलोलीतून सुटलेले छर्रे. मोठ्या मोटारबोटी मुद्दाम जवळून घालून लाटा उठवायच्या, म्हणजे उभा असलेला भालेवाला पडेल. माशाचा डोळा जसा उजेडात चमकून पकडला जातो, तसा आता दिवा डोक्यावर घेतलेला माणूसच सगळ्या तळ्यावर ठळक दिसत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा: त्याला दिसे पुढचं पाच-सहा हातांचं वर्तुळ, आणि दगड मागच्या काळोखातून येई. तरी दिवा काढणं शक्य नव्हतं. तो काढला तर मासाच दिसणार नाही. काठावर भालेवाल्यांच्या बायका, म्हातारी माणसं, ढोल वाजवणारे आणि काही गोरे साक्षीदार वही-कॅमेरा घेऊन उभे राहत.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं ऐकण्यासारखं होतं: विणीच्या वेळी मासा मारला तर तळं रिकामं होईल. त्याचं उत्तर मोजणीनं दिलं. 1984 मध्ये ओजिब्वेंच्या वस्त्यांनी मिळून मासे आणि वन्यजीवांसाठी संयुक्त आयोग स्थापला होता. त्याचे जीवशास्त्रज्ञ राज्याच्या जीवशास्त्रज्ञांबरोबर तळ्यातळ्यांतले मासे मोजू लागले. कोणत्याही तळ्यातले 35 टक्क्यांपेक्षा जास्त प्रौढ वॉलआय वर्षभरात सगळ्यांनी मिळून काढायचे नाहीत, ही वरची रेघ ठरली. काठावर थांबून राहतात ते नर, त्यामुळे भाल्यावर येणाऱ्यांत नरच बहुसंख्य निघाले. अमेरिकी काँग्रेसच्या सांगण्यावरून 1991 मध्ये एक संयुक्त अहवाल आला. भाल्यामुळे तळ्यांतली मासळी धोक्यात आलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याचं नाव होतं ‘पाण्यावर उजेड टाकताना’. गळवाल्यांना किंमत मोजावी लागली हेही खरं: भाला चालणाऱ्या तळ्यांवर त्यांची रोजची पाच माशांची मर्यादा दोन-तीनवर आली. त्याच वर्षी न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी धक्क्यावर अडवणूक करणाऱ्यांना मनाई केली, आणि दोन्ही बाजूंनी पुढे अपील न करण्याचं ठरवलं. जमाव ओसरले, दगड आणि शिव्या मात्र अधूनमधून अजूनही येतात. मिनेसोटातल्या मील लाक तळ्याच्या खटल्यात 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी 1837 चा हक्क जिवंत असल्याचं मान्य केलं.

आता त्या रात्रीचा शेवट बघू. होडी धक्क्याला लागते. हेल्मेटवरचा दिवा आता बहुधा एलईडी, लहान आणि पांढरा. मोजणीदार टेबलाशी बसलेला असतो. प्रत्येक मासा पट्टीवर ठेवायचा, लांबी बोलायची, नर की मादी ते लिहायचं. परवाना एका रात्रीचा, एका तळ्याचा, ठरावीक माशांचा. 20 इंचांपेक्षा मोठे फक्त दोन: एक 20 ते 24 मधला, एक कितीही. टबातले मासे मेलेले असतात, पण मोजणीदाराचा दिवा फिरला की त्यांचे डोळे तसेच पेटतात. आरशाला त्याचं काय. त्यातले काही उद्या सकाळी कुणा म्हाताऱ्या शेजारणीच्या दारात पोचतील. रात्री तळ्यावर न जाऊ शकणाऱ्यांना वाटा द्यायचाच असतो.

भूर्जाची साल आता क्वचितच कुणी जाळतं. पाइनच्या गाठींची टोपली बघायची तर चित्रात बघावी. पण भालेवाला बॅटरी चार्ज करून, तार तपासून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून निघतो, तेव्हा ओजिब्वेत त्याच्या कामाला शब्द तोच आहे: वास्वा, तो टेंभ्यानं मासे मारतो आहे.