संकेतस्थळ आरेखन सॉफ्टवेअर
संकेतस्थळ आरेखन सॉफ्टवेअर म्हणजे संकेतस्थळाची पाने तयार करणे, त्यांची मांडणी ठरवणे व ती आंतरजालावर प्रकाशित करणे यांसाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरमुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या व्यक्तीलाही संकेतस्थळ उभारता येते. मराठी संकेतस्थळ करू इच्छिणाऱ्या नवशिक्याच्या दृष्टीने किमतीइतक्याच दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात : मराठी मजकुराची अचूक हाताळणी आणि संकेतस्थळ पुढे अन्यत्र हलवण्याची मुभा.

इतिहास
टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत तयार केलेला पहिला ब्राउझर पाने संपादित करण्याचेही साधन होता. पुढे फ्रंटपेज (१९९५) व ड्रीमवीव्हर (१९९७) यांमुळे पान पडद्यावर दिसेल तसे रचण्याची पद्धत रूढ झाली. वर्डप्रेस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाले.

प्रकार
* संकेत संपादक : यांत एचटीएमएल व सीएसएस स्वतः लिहावे लागते. शिकण्यास वेळ लागतो. मात्र पानांवर पूर्ण नियंत्रण राहते. उदा. व्हिज्युअल स्टुडिओ कोड.
* आशय व्यवस्थापन प्रणाली : मजकूर व मांडणी वेगवेगळी ठेवली जाते. उदा. वर्डप्रेस, जूमला, द्रुपल. सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी सर्व्हरवरील जागा व डोमेन नाव यांसाठी ठरावीक काळाने शुल्क भरावे लागते.
* ऑनलाइन संकेतस्थळ निर्माते : तयार साच्यांतून काही तासांत संकेतस्थळ उभे राहते. उदा. विक्स, गूगल साइट्स. संकेतस्थळ त्या कंपनीच्याच सर्व्हरवर राहते.

मराठी मजकुराची हाताळणी
युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फाँटशी बांधलेल्या पद्धतीने टंकित होत असे. असा मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा घेतल्यास, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. शोधयंत्रांनाही मराठी शब्द सापडत नाहीत. म्हणून जुना मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक असते.

सॉफ्टवेअरची चाचणी घेण्यासाठी ‘वऱ्हाड’ हा शब्द उपयुक्त आहे. साधा ‘र’, हलन्त व ‘ह’ टंकित केल्यास ‘वर्हाड’ असे रफाराचे रूप उमटते. योग्य रूप दोन प्रकारे मिळते : टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त वापरून, किंवा ‘र’ व हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे दिसण्यास सारखी असली तरी संगणकाच्या दृष्टीने भिन्न असल्याने, एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. त्यामुळे संपूर्ण संकेतस्थळावर एकच पद्धत पाळणे श्रेयस्कर असते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवल्यास, तशी सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणेही दिसतात.

वऱ्हाडातील उदाहरण
अमरावती व अकोला जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या सेवेवर उभारलेली आहेत. तीत तयार साचे, एकाहून अधिक भाषांतील मजकूर आणि दिव्यांग वापरकर्त्यांसाठी अक्षरांचा आकार व रंगभेद बदलण्याची सोय मिळते. ही सेवा केवळ शासकीय संस्थांसाठी असल्याने याच जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालय, बचत गट किंवा लहान व्यावसायिक यांना अन्य सॉफ्टवेअर निवडावे लागते. तथापि द्विभाषिक मांडणी व सुगम्यता हे निकष त्यांनाही लागू पडतात.

निवडीचे निकष
* हेतू : क्वचितच बदलणाऱ्या चार-पाच पानांसाठी ऑनलाइन निर्माता पुरेसा असतो, नियमित लेखनासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली सोयीची ठरते.
* स्थलांतर : सर्व मजकूर व चित्रे बाहेर काढता येतात का, हे काम सुरू करण्यापूर्वीच तपासणे आवश्यक असते. ही सोय नसल्यास सेवा बंद झाल्यावर किंवा शुल्क वाढल्यावर संकेतस्थळ नव्याने रचावे लागते.
* मालकी : डोमेन नाव संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नव्हे, तर वापरणाऱ्या संस्थेच्या नावे नोंदवलेले असणे हिताचे असते. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययासह नाव घेता येते.
* देखभाल : सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे व मजकुराची प्रत स्वतःजवळ जपणे ही जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे लागते.
* मोबाइल : लहान पडद्यावर जोडाक्षरे व मांडणी नीट दिसते का, हे प्रत्यक्ष फोनवरच पडताळता येते.

हेही पहा
* युनिकोड
* देवनागरी
* वर्डप्रेस
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर