हातमोज्यांवरची भुकटी

पोटावर शस्त्रक्रिया झालेली स्त्री बरी होऊन घरीं येते, जखम भरते, आणि वर्ष-दोन वर्षांनीं एकाएकीं पोटांत कळा येऊं लागतात. पुन्हां पोट उघडून पाहावें तों आंतडीं एकमेकांस किंवा गर्भाशयास चिकटलेलीं! अंडाशयाच्या व गर्भनलिकांच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रकार विशेष जाचतो. कारण त्या नाजूक नलिका अशा चिकटलेल्या पापुद्र्यांत गुंतून बंद झाल्या, तर अपत्याची आशाहि मावळते.

पोटाच्या आंतील अस्तर अत्यंत तलम असतें. त्यास इजा झाली कीं कांहीं तासांतच तेथें रक्तद्रवांतील चिकट तंतूंचा थर जमतो. एरवीं शरीर हा थर थोड्याच दिवसांत विरघळवून टाकतें. पण त्या जागेचा रक्तपुरवठा तुटला असेल किंवा परका पदार्थ आंत राहिला असेल, तर थर विरत नाहीं. त्यांत नव्या पेशी शिरतात आणि त्याचा कायमचा बंध बनतो.

या परक्या पदार्थांपैकीं एकाची हकीकत मोठी विलक्षण आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाच्या परिचारिका होत्या. पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणानें त्यांच्या हातांची कातडी दुखावली. शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं त्यांच्यासाठीं गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. रोग्याचें रक्षण हा हेतु तेव्हां नव्हताच. परिचारिकेचे हात वांचावे, एवढेंच मनांत होतें. (१८९० सालींच उभयतांचा विवाह झाला, तेव्हां हेतूची अधिक चौकशी नको.) पुढें मोज्यांमुळें जखमांतील जंतुदोष घटतो असें दिसून आलें आणि ते सर्वत्र रूढ झाले.

परंतु रबर हातास चिकटतें. मोजा सहज चढावा म्हणून भुकटी लावीत. आधीं लायकोपोडियम नांवाच्या वनस्पतीचे बीजकण, मग शंखजिरें. ती शस्त्रवैद्याच्या बोटांवरून थेट पोटांत जाई. लायकोपोडियमचा दोष १९३३ सालीं अँटोपोल यांनीं दाखविला. शंखजिरें तर खनिजच. शरीरास तें पचणार कसें? आइसमन, सीलिग व वोमॅक यांनीं १९४७ सालीं त्यामुळें होणाऱ्या गांठींविषयीं स्पष्ट इशारा दिला. त्याच सुमारास मक्याचें सत्त्व पुढें आलें. तें आंत विरून जाईल, असा भरंवसा होता. पण कांहीं रोग्यांत त्यानेंहि दाह होऊन गांठी धरल्या.

दोष केवळ भुकटीचा नव्हे. अस्तराचा उघडा भाग ताणून शिवलाच पाहिजे, असा शस्त्रवैद्यांचा जुना आग्रह असे. ब्रिटिश शस्त्रवैद्य हॅरॉल्ड एलिस यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं दाखविलें कीं, तो भाग तसाच सोडला तर बहुधा निर्वेध भरतो. उलट घट्ट टांक्यांनीं रक्त अडलें कीं तेथेंच अवयव चिकटतात. नीटनेटकेपणाच नडत होता!

१८ जानेवारी २०१७ पासून अमेरिकेंत भुकटी लावलेल्या शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवर बंदी आली. शंखजिऱ्याच्या जागीं मक्याचें सत्त्व सुचविलें गेलें, त्याला तेव्हां सुमारें सत्तर वर्षें झालीं होतीं.