जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना: ध्वनिफितींसाठी कोणता फॉरमॅट निवडावा?

आजीच्या ओव्या, गणेशोत्सवातील कीर्तन, मंडळाच्या नाटकातील पदे अशा मुद्रणांची घरात बहुधा एकच कॅसेट असते आणि चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होत जाते. ती संगणकावर उतरवताना फाइलचा फॉरमॅट विचारपूर्वक निवडावा. चुकीच्या फॉरमॅटमध्ये गाळला गेलेला आवाज त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही.

वेव्ह: यात आवाज सहसा न दाबता साठवला जातो. सीडीच्या दर्जाला (सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टिरिओ) मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६०० एमबी जागा लागते.

फ्लॅक: हा २००१ पासून उपलब्ध असलेला विनामूल्य फॉरमॅट. फाइल लहान होते, पण वाजवताना मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो. आकार वेव्हच्या साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश असतो. गायकाचे नाव, वर्ष, स्थळ ही माहिती फाइलमध्येच नोंदवता येते.

एमपी३, एएसी, ओपस: कानाला सहसा न जाणवणारे बारकावे हे फॉरमॅट कायमचे वगळतात. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला सुमारे १ एमबी, तर ३२० केबीपीएसची सुमारे २.४ एमबी होते. एमपी३ जवळजवळ सर्व उपकरणांवर वाजते. एएसी (फाइल बहुधा एम४ए) तेवढ्याच आकारात सहसा अधिक चांगली ऐकू येते. ओपस अगदी लहान फाइलमध्येही बोलणे स्पष्ट ठेवतो; व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज याच फॉरमॅटमध्ये असतात.

एमपी३ संपादित करून पुन्हा एमपी३ म्हणून साठवली की दर वेळी आणखी थोडे गळते. एमपी३ची वेव्ह केल्यास आकार वाढतो, दर्जा मात्र वाढत नाही.

काय करावे?
• मुद्रण वेव्हमध्ये उतरवावे.
• मूळ प्रत फ्लॅकमध्ये, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी.
• खरखर काढायची असल्यास नकलेवर काम करावे. मूळ प्रतीला हात लावू नये.
• नातेवाइकांना पाठवण्यासाठी मूळ प्रतीवरून एमपी३ करावी: गाण्यासाठी १९२ केबीपीएस किंवा अधिक, भाषणासाठी त्याहून कमी चालेल.
• कॅसेट उरली नसून फक्त एमपी३ असेल, तर तीच मूळ प्रत मानून न बदलता जपावी.